निर्णय यंत्राचा, जाब कोणाला विचारायचा?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपला समाज' या विषयावर बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संस्थेचा आभारी आहे. विषय नवा असला तरी त्यातील मूळ प्रश्न जुनाच आहे. नवे साधन आले की त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि झळ कोणाला बसते, हा तो प्रश्न होय.

यंत्राने माणसाचे काम घेणे आपल्याला नवे नाही. परंतु आजवरची यंत्रे मुख्यतः हाताची कामे घेत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले आणि पत्राचा मसुदा, भाषांतर, अहवालाचा सारांश, ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर ही कामे यंत्र काही क्षणांत करू लागले. आता आठवून पाहा, आपल्या घरांतील पहिला पदवीधर कोणत्या दाराने नोकरीत शिरला? टंकलेखनाची परीक्षा देऊन, कारकून म्हणून, टपालाची नोंद ठेवणारा म्हणून! त्या पहिल्या पायरीवर उभे राहूनच त्याने पुढच्या पिढीला डॉक्टर, इंजिनियर केले. वरच्या मजल्यावर बसलेल्याला पायरी निखळल्याचे कळत नाही. ज्याला अजून वर चढायचे आहे त्याला ते आधी कळते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. हे यंत्र नोकरी घेते एवढेच नव्हे, तर नोकरी कोणाला द्यायची हेही ते ठरवू लागले आहे. ते ठरवते कसे? जुन्या नोंदी वाचून. अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन कंपनीने २०१४ पासून अर्जांची छाननी करणारे असे एक यंत्र तयार करण्यास घेतले. त्याला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज दाखविले. त्यांत पुरुषांचे अर्ज अधिक होते, म्हणून पुरुष उमेदवार अधिक योग्य असे यंत्र शिकले! अर्जात 'महिलांचा' बुद्धिबळ संघ असा उल्लेख आला तरी ते गुण कमी करी. सुधारणेचे प्रयत्न करूनही भरवसा वाटेना, तेव्हा कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला. उमेदवारांची पारख करण्यासाठी हे यंत्र कधीच वापरले नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. २०१८ साली ही हकिकत वृत्तपत्रांतून जगापुढे आली.

बंधू-भगिनींनो, यातला बोध आपल्यासाठी मोठा आहे. यंत्राला कोणी 'स्त्रियांना नाकार' असे सांगितले नव्हते. कालचा व्यवहार त्याने पाहिला आणि तोच उद्याचा नियम केला. आपल्या देशात जातीचा रकाना कोरा ठेवला तरी आडनाव, वस्तीचा पत्ता, शाळेचे नाव यांवरून माणसाची जात ओळखली जाते, हे येथे बसलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. माणसाच्या मनातला भेदभाव निदान बोट दाखवून सांगता येतो. तोच भेदभाव गणिताचे रूप घेऊन आला तर 'संगणकाने नाकारले' एवढेच उत्तर मिळते!

नेदरलँड्समध्ये हेच घडले. मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारकडून मिळणाऱ्या अनुदानात लबाडी कोण करतो, हे हुडकण्यासाठी तेथील कर खात्याने संगणकीय पद्धत वापरली. परदेशी नागरिकत्व हे संशयाचे एक कारण त्यात धरले होते. हजारो निरपराध पालकांवर लबाडीचा ठपका आला, अनुदान परत मागण्यात आले, कुटुंबे कर्जात बुडाली. त्यांना वर्षानुवर्षे धड कारण सांगितले गेले नाही. अखेर प्रकरण उघडकीस आले आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील सरकारला राजीनामा द्यावा लागला. चूक यंत्राची होती, तशीच यंत्रामागे लपलेल्या अधिकाऱ्यांचीही होती.

मग यंत्र नकोच म्हणावे काय? मुळीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात यंत्राचा पक्ष घेतला आहे. दोष यंत्राचा नसून खासगी लाभाला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, आणि कष्टकऱ्याला फुरसत मिळायची तर यंत्र हवेच, असे त्यांनी मांडले. मजूरमंत्री असताना त्यांनी कामाचे तास कमी करण्याचा आग्रह धरला आणि १९४६ च्या कायद्याने कारखान्यातील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. यंत्राने वाचविलेला वेळ कामगारालाही मिळाला पाहिजे, हा विचार आजही तितकाच खरा आहे.

आणि संघटित माणसे हे मिळवू शकतात. २०२३ साली अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणीच्या लेखकांनी १४८ दिवस संप केला. लेखकावर असे यंत्र वापरण्याची सक्ती करायची नाही आणि यंत्राने लिहिलेला मजकूर हाती दिल्यास तसे सांगायचे, या अटी त्यांनी करारात घालून घेतल्या. त्यांनी यंत्र मोडले नाही. यंत्राच्या वापराला अट घातली.

आपणही तीन गोष्टी कराव्यात असे मी सुचवितो. पहिली, अर्ज, कर्ज, शिष्यवृत्ती वा रेशन नाकारले गेले तर कारण लेखी मागावे आणि निर्णय जबाबदार अधिकाऱ्याने पुन्हा तपासावा असा आग्रह धरावा. एकट्याचे ऐकले नाही तर संस्थेने त्याच्या पाठीशी उभे राहावे. दुसरी, कामगार संघटनांनी नव्या यंत्राची चर्चा पगाराच्या चर्चेइतकीच महत्त्वाची मानावी. तिसरी, आपल्या अभ्यासिकेत मुलामुलींना हे यंत्र वापरायला शिकवावे. त्याचबरोबर त्याचे उत्तर पडताळून पाहायलाही शिकवावे, कारण ते चुकीची गोष्टही ठामपणे सांगते.

पूर्वी पोथीत लिहिले आहे म्हणून माना, असे आपल्याला सांगितले जाई. आता संगणकात आले आहे म्हणून माना, असे सांगितले जाईल. दोन्ही वेळी विचारायचा प्रश्न एकच आहे: हे कोणी लिहिले, आणि का?

तो प्रश्न विचारणारी मुले या संस्थेतून तयार व्हावीत, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.