वीराचे घर आणि गावची शाळा
(शिक्षक-संमेलनातील भाषणाचा मजकूर)



कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीचे नाव प्रथमच ऐकणारा परगावचा मनुष्य एखाद्या मोठ्या हॉटेलाची कल्पना करतो. प्रत्यक्षात तेथे कापडाचे कारखाने, फौंड्र्या, यंत्रांचे सुटे भाग घडविणारी वर्कशॉपे आणि शिफ्ट सुटल्यावर घराकडे निघालेले कामगार दृष्टीस पडतात. कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, हुपरी या पंचक्रोशीतील पुष्कळ घरांची चूल आज त्या वसाहतीवर पेटते. परंतु या भागातील तरुणांची एक जुनी वाट निराळीच आहे. कागलवरून जाणारा महामार्ग पुढे बेळगावास पोचतो, आणि बेळगावी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. शिरोळ तालुक्यातील टाकळी या गावास तर घरोघरच्या फौजी परंपरेमुळे ‘सैनिक टाकळी’ हेच नाव पडले. या वाटेने गेलेला प्रत्येक जण परत येतोच असे नाही. मग एखाद्या वर्षी हजेरीपटावरील एका मुलाच्या वडिलांच्या नावामागे ‘कै.’ हे अक्षर लिहिण्याची पाळी गावच्या शिक्षकावर येते.

पुढे काय होते, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. पार्थिव येते त्या दिवशी गावात पाऊल ठेवावयास जागा नसते. रस्त्याला नाव देण्याची, कमान उभारण्याची, घरातील एकास नोकरी लावण्याची आश्वासने दिली जातात. तेराव्यानंतर गर्दी ओसरते. वर्षश्राद्धास निम्मी माणसे येतात. दुसऱ्या वर्षी बहुधा भाऊबंदच उरतात. याच सुमारास त्या घरातून एखाद्या दिवशी कोणीतरी शाळेत येते. बहुतेक वेळा ती आई असते. पदराशी चाळा करीत ती म्हणते, “गुरुजी, पोराच्या नावानं काहीतरी करावं म्हणते.” हे ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, हे तिला ठाऊक नसते. शिक्षकाने त्या क्षणी काय उत्तर द्यावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

या बाबतीत महाराष्ट्रातील एका कुटुंबाचे उदाहरण मोठे बोधप्रद आहे. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हा हवाई दलातील तरुण वैमानिक १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ विमान कोसळून मृत्यू पावला. वडील अनिल गाडगीळ हे स्वतः हवाई दलात वैमानिक होते. अपघाताचा दोष मुलाच्या माथी येतो, हे आईवडिलांना मान्य झाले नाही. माता कविता गाडगीळ यांनी विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न जाहीरपणे मांडला, आणि तो मांडताना पुष्कळ कटुता सोसली. पण केवळ तक्रार करून हे दांपत्य थांबले नाही. त्यांनी मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान स्थापिले. तरुण वैमानिकांना जमिनीवरच सुरक्षितपणे सराव करता यावा म्हणून उड्डाणाचा आभास निर्माण करणारे यंत्र उभे केले आणि प्रशिक्षणाची संस्था काढली. ज्या कारणाने स्वतःचा मुलगा गेला, त्या कारणाने दुसऱ्याचा जाऊ नये, ही त्यामागील दृष्टी होती. पुढे २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ विमानांना हवाई दलाने निरोप दिला. मुलाच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी!

गाडगीळ दांपत्याजवळ विमानविद्येचे ज्ञान होते आणि शहरातील ओळखीपाळखी होत्या. खेड्यातील शेतकरी किंवा फौंड्री-कामगार कुटुंबाजवळ ते नसते, हे उघड आहे. तथापि त्या उदाहरणातील घेण्याजोगी गोष्ट खर्चाची नव्हे. त्यांचे काम मुलाच्या आयुष्यातून निघाले होते. म्हणून त्या आईस शिक्षकाने प्रथम एकच विचारावे: “त्याला कशाची आवड होती?” आणि मग स्वस्थ बसून ऐकावे. कुणी कुस्तीचे वेड सांगेल, कुणी गणित. कुणी सांगेल की पुस्तके नसल्यामुळे त्याचे शिक्षण अर्धवट राहिले. पुष्कळदा उत्तर पहिल्या भेटीत मिळतच नाही. त्या घरात मुलाविषयी मोकळेपणी बोलणेच थांबलेले असते. वीराविषयी बोलणे तेवढे चालू असते. वीराचे गुण सर्वांनी भाषणात ऐकलेले आहेत. पाचवीत असताना ओढ्यात पोहावयास पळून जाणाऱ्या मुलाची आठवण मात्र आई आणि शिक्षक या दोघांनाच असते. ती आठवण बोलून दाखविणे, हाच पहिला आधार होय.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील आहे. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमधील कुपवाडा भागात अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी शिक्षिका म्हणून काम केलेले होते. त्यांनी सेनेतच जाण्याचा निर्धार केला, वयाच्या मर्यादेत सवलत मिळविली, चेन्नईच्या प्रशिक्षण संस्थेत खडतर शिक्षण घेतले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या अधिकारी झाल्या. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. परंतु प्रत्येक वीरपत्नीपुढे हा आदर्श ठेवून “तुम्हीही असेच काही करा” असे सांगणे क्रूरपणाचे ठरेल. एखादीस रोजचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास एवढेच निभावते. तेही थोडे नव्हे.

येथे एक नाजूक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. निवृत्तिवेतन सामान्यतः पत्नीच्या नावे होते. वृद्ध आईवडिलांस वाटते, मुलगा आमचा आणि आम्हीच परके झालो. सुनेला वाटते, उभे आयुष्य मला काढावयाचे आहे आणि जो तो हिशेब विचारतो. अशा घरात स्मृतिकार्याचा विषय निघाला की फलकावर कोणाचे नाव आधी, यावरून अबोला सुरू होतो. शिक्षकाने यात पंच होऊ नये. मात्र कोणतीही गोष्ट ठरविताना दोघींना शाळेत एकत्र बोलवावे, आणि कामाचे दोन भाग करावेत. आजीने शनिवारी मुलांना गोष्टी सांगाव्यात, सुनेने वाचनालयाची पुस्तके निवडावीत, असे काहीतरी. दोघींच्या हातांना काम मिळाले म्हणजे फलकाचा तंटा पुष्कळ वेळा आपोआप मागे पडतो.

मुलांविषयीही सावधगिरी हवी. प्रत्येक स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी शहीदाच्या मुलास व्यासपीठावर बसविण्याची प्रथा पडली आहे. हेतू चांगलाच असतो. पण इतर मुले पटांगणात कवायत करीत असताना वर्षातून दोनदा रडक्या चेहऱ्याने हार घालून घेणारे मूल हळूहळू स्वतःस निराळे समजू लागते. त्यास प्रथम विचारावे. “नको” म्हणाले तर कवायतीच्या रांगेत उभे राहू द्यावे.

आता पैशाचा विचार. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. शाळाशाळांतून मुले ध्वज घेतात, नाणी मोजली जातात, रक्कम भरली जाते आणि विषय संपतो. हा निधी वीरांच्या कुटुंबीयांसाठी, अपंग झालेल्या जवानांसाठी आणि माजी सैनिकांच्या कल्याणासाठी असतो, हे परिपाठात पाच मिनिटे सांगितले तर त्याच नाण्यास निराळे मोल येईल. कुटुंबास मिळावयाच्या सवलतींची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. अर्ज भरून देणे हे शिक्षकाचे काम नसेल, परंतु खेड्यात दुसरे कोण भरून देणार? रणांगणी पडलेल्या व अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांचा शिक्षणखर्च केंद्र सरकारने देण्याची योजना १९७१ च्या युद्धानंतर आली. २०१७ मध्ये तीत दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. तिच्याविरुद्ध आवाज उठला आणि २०१८ मध्ये ती मर्यादा काढून टाकण्यात आली.

कारखान्यांच्या शेजारी असलेल्या शाळांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार विशिष्ट आकारमानाच्या कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. वार्षिक निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असणे ही त्यातील एक कसोटी. कोणत्या कामांवर हा खर्च करता येतो, त्यांच्या यादीत माजी सैनिक, युद्धविधवा आणि त्यांचे अवलंबित यांच्या हिताची कामे स्पष्ट शब्दांत नमूद आहेत. म्हणजे वसाहतीतील मोठ्या कारखान्याकडे जाताना शिक्षकास हात पसरल्याचा संकोच वाटण्याचे कारण नाही. परंतु नियमही आहेत. एखाद्या संस्थेमार्फत हा पैसा खर्च व्हावयाचा तर ती नोंदलेली असावी लागते, आणि कुटुंबाने नव्याने काढलेल्या संस्थेस किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणून घाईने ‘प्रतिष्ठान’ काढून रबरी शिक्का करून आणण्यात अर्थ नाही. लहान फौंड्रीवाले या कायद्यात येत नाहीत, पण त्यांच्यातच एखादा निवृत्त जवान कामास असतो आणि तोच चार कपाटे करून देतो.

प्रारंभ लहानच असावा. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करावा, येणाऱ्या प्रत्येक रुपयाची वही ठेवावी, आणि ती वही वर्षातून एकदा त्या घरी नेऊन दाखवावी. पन्नास पुस्तकांचे एक कपाट पुरे. फक्त ते कपाट कुलूप लावून मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवू नये. पुस्तके फाटतील, हरवतील. आईने विचारले तर तिला फाटलेले पुस्तक दाखवावे आणि ते कोणत्या मुलाने किती वेळा घरी नेले होते, ते वहीतून वाचून दाखवावे.