आठवणीची चिठ्ठी



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी इंदूरच्या याच वास्तूत तीन वर्षे बसलो. साहित्यावर वा इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्यात हयात गेली. तेव्हा त्या व्यवसायातील एका लहानशा वस्तूविषयी, आणि तिच्यापायी माझ्या हातून घडलेल्या चुकीविषयी बोलेन.

वस्तूचे नाव कुकी. गुरुजी आम्हांला ग्रंथालयात धाडीत, तेव्हा हाती एक चिठ्ठी देत. ग्रंथपाल आमच्या तोंडाकडे पाहत नसत, चिठ्ठीकडे पाहत. संकेतस्थळाचा सर्व्हर असाच असतो. आपण पान मागावे, त्याने ते द्यावे आणि मागणारा कोण हे तत्क्षणी विसरावे, अशीच त्याच्या संभाषणनियमांची मूळ घडण आहे. १९९४ साली नेटस्केपमधील लू माँटुली यांनी यावर तोड काढली. एका ग्राहक कंपनीला संकेतस्थळावर दुकान थाटायचे होते, पण गिऱ्हाइकांच्या अर्धवट खरेदीचा हिशेब स्वतःच्या यंत्रावर सांभाळायचा नव्हता. तेव्हा सर्व्हरने चिठ्ठी द्यावी, ब्राउझरने ती जपावी आणि पुढील प्रत्येक मागणीबरोबर दाखवावी, असे ठरले. नाव 'मॅजिक कुकी' या संगणकवाल्यांच्या जुन्या शब्दावरून आले.

२००३ साली एका संस्थेसाठी मी चार पानी प्रवेश-अर्ज संगणकावर आणला. वीज केव्हा जाईल याचा नेम नसे. भरलेली माहिती वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक पानावरील मजकूर मी कुकीत साठविला आणि तिला तीस दिवसांचे आयुष्य दिले. या युक्तीचा मला अभिमानही वाटला होता, हे कबूल केले पाहिजे.

पहिला दणका नागरी लिपीने दिला. एका कुकीत सुमारे ४०९६ बाइट मावतात. नागरी अक्षरे तिच्यात घालण्यापूर्वी टक्क्याच्या चिन्हांच्या संकेतात उतरवावी लागतात. त्यात एकेका चिन्हाला नऊ जागा लागतात. मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. 'ज्ञानेश्वर' एवढे लिहिताच नव्वद जागा संपल्या! म्हणजे साडेचारशे चिन्हांत कुकी भरली. त्यापुढे ब्राउझर तक्रार करीत नसे, कुकीच टाकून देई. इंग्रजीत भरलेला अर्ज टिके, आपल्या भाषेतला नाहीसा होई.

दुसरा दोष मात्र केवळ हिशेबाचा नव्हता. बहुतेक मुले सायबर कॅफेतून अर्ज भरीत. एक मुलगी उठून गेली, त्या खुर्चीवर पुढचा मुलगा बसला, आणि पान उघडताच तिचे नाव, घरचा पत्ता, वडिलांचे उत्पन्न त्याच्यासमोर आयते उभे राहिले. तीस दिवसांची सोय मीच केली होती ना! दोन दिवसांनी तिचे वडील कार्यालयात आले. आवाज चढविला नाही. "आमचा पत्ता त्या मुलास कोणी दिला?" एवढेच त्यांनी विचारले. कार्यालयातील मंडळी माझ्याकडे पाहू लागली. मी प्रथम कॅफेवाल्याचे नाव पुढे केले. ते खोटे होते, आणि तेवढेच मला अजून बोचते. सायंकाळी त्यांच्या घरी जाऊन खरे सांगितले. त्यांनी चहा दिला, पण माफ केले असे काही म्हटले नाही.

त्या रात्री मांडणी बदलली. कुकीत केवळ एक लांबलचक, अंदाज न करता येणारा क्रमांक ठेवला, मजकूर सर्व्हरवर. मुदत काढून टाकल्यास ब्राउझर बंद होताच कुकी जाते, हे ठाऊक होते. पण कॅफेत ब्राउझर दिवसभर बंद होतच नाही! म्हणून वीस मिनिटे हालचाल नसल्यास सर्व्हरनेच तो क्रमांक रद्द करावा, आणि 'काम संपले' असे ठळक बटण असावे, अशी व्यवस्था केली. उत्पन्नाचा आकडाही कुकीतून हलविला, कारण कुकी वापरणाऱ्यास बदलता येते आणि शुल्काची सवलत त्या आकड्यावर ठरत होती.

आता ब्राउझरात निराळी कोठारे आहेत. त्यांत पाच एमबीच्या आसपास मजकूर राहतो आणि तो प्रत्येक मागणीबरोबर प्रवास करीत नाही. अर्धवट अर्जासाठी ती बरी. सामाईक यंत्रावर मात्र तीही पुढच्या माणसाला उघडी पडू शकतात. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला; त्या गृहस्थांना प्रश्न विचारण्यास कायद्याची गरज भासली नव्हती.

त्या मुलीचा अर्ज मी स्वतः समोर बसून पुन्हा भरून घेतला. तिला प्रवेश मिळाला.