सरांची साखळी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपले विज्ञानाचे सर पुढच्या रांगेत बसलेत, म्हणून थोडी भीती वाटतेय. चुकलं तर आजही उभं करतील!

सर, नववीतला तो तास आठवतो? तुम्ही आम्हा बेचाळीस जणांना हात धरून वर्गाभोवती उभं केलंत. डावा हात दाबला गेला की उजव्याने शेजाऱ्याचा दाबायचा. निरोप फिरून यायला दहा-बारा सेकंद लागले. कुणीतरी मुद्दाम जोरात दाबला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "जोरात दाब की हळू, पुढे जाणारा निरोप तेवढाच!" चेतापेशीचं तेच असतं. आवेग उमटतो तर पूर्ण, नाहीतर उमटतच नाही.

तीन वर्षांपूर्वी हा धडा मला अंथरुणावर पुन्हा शिकावा लागला. आधी तळपायांना मुंग्या, चौथ्या दिवशी पाय उचलेनात. निदान झालं, गियाँ-बारे सिंड्रोम. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच चेतातंतूंवर उलटते.

पडल्या पडल्या मी डॉक्टरांना विचारलं, नेमकं बिघडलंय काय? त्यांनी समजावलं. पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. चेतना पुरेशी झाली की पटलातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतो आणि क्षणभर आतली बाजू धन होते. मग पोटॅशियम बाहेर पडतो आणि सगळं पूर्ववत. हा खेळ साधारण एका मिलिसेकंदाचा. शेजारचा भाग तेच करतो, आणि निरोप पुढे सरकतो. हॉजकिन आणि हक्सली यांनी हे माखळीसारख्या स्क्विडच्या जाड चेतातंतूवर उलगडून १९५२ साली मांडलं; १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं.

आपल्या वेगवान तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, मध्ये मध्ये उघड्या फटी. आवेग फटीवरून फटीवर उड्या मारत जातो, काही तंतूंत सेकंदाला शंभर मीटरहूनही जास्त वेगाने. माझं हे वेष्टणच झिजलं होतं. तपासणीत पायातला वेग सेकंदाला २२ मीटर निघाला. ४० च्या वर हवा. मेंदू हुकूम सोडत होता, साखळीतले हात सुटले होते.

उपचार वेळेवर मिळाले. वेष्टण हळूहळू पुन्हा चढतं. पाच महिन्यांनी मी काठी घेऊन अंगणात आलो, आज जिना चढून या मंचावर.

एक विनंती. दोन्ही पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढू लागला, तर 'उद्या बघू' म्हणू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. श्वासाच्या स्नायूंपर्यंत तो पोहोचू शकतो.

आणि सर, त्या रात्री झोप येत नसे, तेव्हा मी ती साखळी मनात फिरवायचो. बेचाळीस जणांची नावं क्रमाने. त्यातले तिघे आज नाहीत. उरलेल्यांनो, जेवणाआधी एकदा हात धरूया. घड्याळ सरच लावतील.