तव्याचा हिशेब
(नभोवाणीवरील भाषण)

लक्षद्वीपमधील अगत्ती बेटाची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरांची. तेथे विमानातून उतरलेल्या प्रवाशास बंगाराम बेटावरील विश्रामस्थानी जावयाचे असेल, तर एरवी होडी मिळते, परंतु पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणजे हेलिकॉप्टरावाचून गत्यंतर नसते. अंतर वीस किलोमीटरांच्या आतले. ताशी अडीचशेच्या वेगाने पाच मिनिटांचे. माझे सारे सांगणे या पाच मिनिटांविषयी आहे.

अशा कामासाठी हेलिकॉप्टर पसंत करावयास बसलेली मंडळी आसने किती, इंजिने दोन आहेत ना, पाण्यावर उतरण्याचा प्रसंग आल्यास तरंगविणारे फुगे आहेत ना, हे सर्व विचारतात, आणि ते विचारलेच पाहिजे. पण पुढे खर्चाचा तक्ता मांडताना ती दर तासाचा आकडा धरतात आणि तेथेच फसतात. यंत्राचे आयुष्य तासांनी सरते तसे चढउतारांनीही सरते, आणि बेटाबेटांतल्या सेवेत ते चढउतारांनीच आधी सरते.

आमच्या घरी बिडाचा एक तवा होता. एकदा चूल पेटवून त्यावर चाळीस भाकरी भाजा, तव्यास काही होत नाही. पण त्याच चाळीस भाकरींसाठी चाळीस वेळा चूल पेटवा आणि चाळीस वेळा तवा गार होऊ द्या, म्हणजे एके दिवशी काठापासून आत केसासारखी चीर गेलेली दिसेल. तवा विस्तवाने तडकत नाही, तापण्या-निवण्याने तडकतो. इंजिनातील टर्बाइनची चकती हा तसलाच तवा होय. म्हणून लॉगबुकात तासांच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना असतो, ज्यास हँगरमधील लोक ‘सायकल’ म्हणतात. तेथील मर्यादा भरली की चकती दिसावयास कितीही धडधाकट असो, काढावीच लागते. जुहूहून थेट बॉम्बे हायच्या समुद्रातील तेलविहिरींकडे जाणारे हेलिकॉप्टर एका चढउतारात पाऊण तास पदरात टाकते. बंगारामचे पाच मिनिटे टाकते. तास तोच, झीज नऊपट.

१९८८ च्या २८ एप्रिलला हवाई बेटांतील हिलोहून होनोलुलूस निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे छप्पर भर आकाशात उडाले व एक हवाईसेविका प्राणास मुकली. त्या विमानाचे तास ३५,४९६ आणि उड्डाणे ८९,६८०. सरासरी काढा, चोवीस मिनिटेही भरत नाहीत. विमानाची केबिन प्रत्येक उड्डाणात हवेने फुगते, हेलिकॉप्टराची फुगत नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा कृपा करून पत्रे धाडू नयेत. तासांचा रकाना वाचून निर्धास्त झालेल्यांसाठीच हे उदाहरण दिले.

मग चूल विझवूच नये, मंद ठेवून दुसरी भाकरी टाकावी, असे कोणी म्हणेल. तशी रीत आहे. प्रवासी बदलेतो इंजिन चालूच ठेवतात, आणि काही इंजिनांच्या हिशेबात अशा थांब्याचा पूर्ण फेरा न धरता अंशच धरतात. परंतु डोक्यावर पाती फिरत असता उघडी छत्री धरून धावणारा पाहुणा ज्याने पाहिला असेल, त्यास या काटकसरीची किंमत सांगावयास नको.

शिवाय तवा टांगला आहे समुद्राकाठच्या भिंतीवर. कोकणातील गृहिणी तव्यास तेलाचा हात लावून ठेवते. येथे इंजिनाचे आतले अंग वरचेवर गोड्या पाण्याने धुवावे लागते, आणि प्रवाळबेटावर गोडे पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक पातळ थर. लक्षद्वीपमधीलच कवरत्ती बेटावर २००५ साली समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडे पाणी काढण्याची योजना सुरू झाली, ती माणसांची तहान भागविण्यासाठी. यंत्राच्या स्नानाची तजवीज खरेदीच्या दरखास्तीत कोणी केलेली असते काय?

पुन्हा सांगतो, कारण हेच विसरले जाते: विक्रेत्याकडून ताशी खर्च मागाल तेव्हा तो तासाला बारा उतरण्या धरून मागा, आणि तो देताना अडखळला तर त्याचा देखणा रंगीत तक्ता त्यास परत करा. गियरपेटीचा तर प्रश्नच निराळा. दर वेळी जमीन सोडताना तिच्यावर जो भार येतो, तो... पण काचेपलीकडून मघापासून हात वर झालेला दिसतो आहे.