डोंगराच्या धारेवरून धावणाऱ्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या खोलीत चहाच्या पातेल्यापाशी असते. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या धावण्याविषयी सगळ्या एकमेकींना विचारतात, तर तुम्हीच एकदा काय ते सांगा." मी सातवी शिकलेली बाई. शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्यावे.

आमची थोरली डोंगरात धावते. मैदानावर गोल गोल नव्हे, डांबरी रस्त्यावरही नव्हे. पायवाटेने, दगडगोट्यांतून, चढउतारावरून. पाच वर्षे झाली. सुरुवात इथलीच, चेणे गावाच्या रस्त्याची. आपल्याकडे एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर नि दुसऱ्या अंगाला खाडी. मध्ये ही लहानशी चेणे नदी डोंगरातून उतरून खाडीला मिळते. इतकी वर्षे आपण तिथे पावसाळ्यात भजी खायलाच गेलो. मुलगी मात्र रविवारी पहाटे चारपाच मैत्रिणींबरोबर तिथे चढाचा सराव करी. रानात शिरावयाचे नाही, कारण उद्यानात वनखात्याच्या परवानगीखेरीज जाता येत नाही आणि बिबटे आहेत हे काही थट्टेचे नव्हे. म्हणून गावच्या रस्त्याने, तेही उजाडल्यावरच.

पण मला सांगायचे आहे ते राजगड-तोरण्याविषयी. नीरा, वेळवंडी, कानंदी आणि गुंजवणी या नद्यांच्या खोऱ्यांत हा राजगड उभा आहे. पूर्वी त्याला मुरुंबदेवाचा डोंगर म्हणत. रायगडापूर्वी महाराजांची राजधानी तिथेच होती, नि २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत तोही आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत डोंगराची एक लांब सोंड गेली आहे. अळू दरवाजातून बाहेर पडायचे, भुतोंड्याकडे जाणारा रस्ता खिंडीत ओलांडायचा नि पुन्हा चढायला लागायचे. धारेवर उभे राहिले की एका हाताला कानंद खोरे, दुसऱ्या हाताला वेळवंडीचे खोरे नि दूर भाटघर धरणाचे पाणी. दोन्हीकडे पाणी दिसते, पण वाटेवर घोटभर मिळायची मारामार! पायाखाली कुठे कारवी, कुठे वाळके गवत, कुठे मुरमाचा घसारा. बुधला माचीच्या अलीकडे खडकाला लोखंडी शिडी लावलेली आहे. आणि तोरणा म्हणजे १४०३ मीटर उंच, प्रचंडगड हे दुसरे नाव उगाच पडलेले नाही.

मागच्या हिवाळ्यात मुलगी आपल्या गटाबरोबर ही धार धावायला गेली, तेव्हा मी हट्टाने बरोबर गेले. मी अर्थात वेल्ह्यात, तोरण्याच्या पायथ्याशी. चालणाऱ्याला पाचसहा तास लागतात म्हणे. आमच्या पोरी साडेतीन तासांत वरून उतरताना दिसल्या. ते साडेतीन तास मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. शेजारच्या टपरीवाल्या आजीने मला तीन वेळा चहा पाजला, पैसे दोनदाच घेतले.

एक गोष्ट मला तिथे उमगली. आपण समजतो की ह्या मुली वेड्यासारख्या पळत सुटतात. तसे मुळीच नाही. उभ्या चढाला कोणी धावत नाही. गुडघ्यांवर हात टेकून, लहान लहान पावले टाकीत झपाझप चालतात. खरी परीक्षा उताराला. अंगाचे सारे वजन मांड्यांवर येते, नि मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची आठवण करून देतात. उतरताना पायाच्या अंगठ्याकडे बघायचे नाही, चारपाच पावले पुढे बघायचे, कारण पाय कुठे ठेवायचा हे डोळ्याने आधीच ठरवलेले असावे लागते. (हे मी आता मंडळाचा जिना उतरतानाही करते!) पाणी नुसते ढोसायचे नाही. घाम गेलेल्या अंगात नुसतेच पाणी भरले तर रक्तातले मीठ पातळ होते नि माणूस आडवा होतो. म्हणून लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. ही तयारी माझ्याकडे असते. बुटांच्या तळाला खाचा असतात, त्या झिजल्या की घसाऱ्यावर तो बूट निरुपयोगी. शिट्टी, विजेरी, बांधायची पट्टी जवळ असते. आणि एकटीने कधीही जायचे नाही, हा आमच्या घरचा कायदा.

अशा वाटांवर आता शर्यतीही भरतात. सिंहगडापासून राजगड, तोरणा अशी एक डिसेंबरात असते. तिच्यात शंभर किलोमीटरची वाट आहे, पन्नासाहून थोडी अधिक अशी एक आहे, पंचवीस नि अकराचीही आहे. यंदा मुलीला पन्नासाची धावायची आहे.

आणि इथेच घोडे अडले आहे. तिच्यासाठी एक स्थळ आले. मुलगा चांगला, घर चांगले. खोटे कशाला सांगू, मला ते फार आवडले होते. बोलणी सुपारीपर्यंत आली तेव्हा मुलाच्या आईंनी हसतच सांगितले, "लग्न ठरले की डोंगर बंद हं." मी म्हटले, "विहीणबाई, आपण सगळ्या हिरकणीची गोष्ट सांगत मोठ्या झालो. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून रात्रीचा कडा उतरून गेली, तिचे आपल्याला कौतुक." त्या तशा हुशार. लगेच म्हणाल्या, "ती लेकरासाठी उतरली, हौसेसाठी नाही."

मैत्रिणींनो, ते बोलणे मला लागले, कारण त्यात तथ्य होते. रात्रभर विचार केला. लेकराची माया कुठल्या आईला नसते? पण कडा सगळ्यांना उतरता येत नाही. दूध घेऊन रोज गड चढण्याउतरण्याची तिच्या पायांना सवय असली पाहिजे, म्हणून त्या रात्री ते पाय कामी आले. सवय काही त्या रात्री लागत नाही.

दुसरे त्यांचे म्हणणे, बाईच्या शरीराला हे झेपत नाही. ही समजूत आपल्याकडचीच नव्हे. १९२८ सालच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना आठशे मीटर धावू दिले, नि शेवटी काहीजणी दमून बसल्या एवढ्यावरून ती शर्यत बंद केली, ती १९६० पर्यंत! पुरुष दमून पडत नाहीत का? बायकांची मॅरेथॉन तर ऑलिंपिकमध्ये १९८४ साली आली. तेव्हा मी झबले घालण्याइतकी लहान नसले तरी शाळेत गेले नव्हते. आणि आपल्या महाराष्ट्रातल्याच मुली पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक घेऊन आली. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली, दहावी आली. दोघीही खेड्यातल्या.

आमच्या मुलीला पदक मिळायचे नाही, हे तिलाही ठाऊक आहे, मलाही. तिने कधी सांगितलेही नाही की पदकासाठी धावते. ती कचेरीत आठ तास बसते, लोकलमध्ये दोन्ही वेळा उभी असते. म्हणते, "आई, धारेवर असले की मला कोणी लोटत नाही." विरारच्या गाडीला भाईंदरला चढणाऱ्या बायकांना याचा अर्थ फोडून सांगायला नको.

भीती मला वाटत नाही असे नाही. पाय मुरगळतात, वाट चुकते, उन्हाने चक्कर येते. पावसाळ्यात निसरड्या कड्यावर नि फुगलेल्या ओढ्यात जाणे म्हणजे धाडस नव्हे, मूर्खपणा. तसे ती करीत नाही, नि केले तर आधी मीच कान धरीन.

ह्यांचे म्हणणे पडले की, लग्नानंतर दोघे काय ते ठरवतील, आत्ता तोंडावर नाही कशाला म्हणायचे. मला ते पटले नाही. आधी मुलीला विचारले. ती म्हणाली, "मुलगा स्वतः काय म्हणतो ते मला ऐकायचे आहे." मग मी त्या घरी फोन करून सांगितले की डोंगर बंद होणार नाहीत, आणि मुलाने एकदा चेणेला येऊन पाहावे. तीन आठवडे झाले, उत्तर आलेले नाही. म्हणून जिन्यात भेटल्यावर "काय, ठरले का?" असे तिला विचारू नका एवढी विनंती आहे. विचारायचे तर मला विचारा.

एक सूचना मात्र मंडळापुढे ठेवते. आपल्या क्रीडास्पर्धांत लिंबू-चमचा नि संगीत खुर्ची आहे. असू द्या, मजा येते. पण पुढच्या वर्षी एक जलद चालण्याची स्पर्धा ठेवावी, चाळिशीवरच्या बायकांसाठी, चेणेच्या चढावर, तीन किलोमीटर. बक्षीस स्टीलचा डबा असला तरी चालेल. आणि सरावासाठी येत्या रविवारपासून मी जाणार आहे. साडेसहाला काशीमिऱ्याच्या नाक्यावर जमायचे, तिथून रिक्षा. साडी असली तरी हरकत नाही, मी नेसूनच येते, फक्त पायांत चपला नकोत. पाणी प्रत्येकीने आपले आणावे. बटाटे मी उकडून आणीन.