सहा टक्के कुणी खाल्ले?

(वसंत व्याख्यानमाला, लातूर. पुष्प तिसरे. विषय : दिव्यांगत्व आणि वैद्यकीय पुरावा)

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा, त्यातले २१ प्रकार, सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट, यूडीआयडी कार्ड, संजय गांधी निराधार योजना, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. निम्मं सभागृह त्याच रांगेतून आलंय. (हशा) ते सोडतो. माझा हट्ट एकच : दाखल्यावर टक्का नसला तरी चालेल, माणसाला काय जमत नाही ते लिहिलेलं पाहिजे.

मी हाडांचा डॉक्टर. वैद्यकीय मंडळावर असताना किनवटकडचा एक शेतमजूर आला. उजवा गुडघा वाकत नाही, डाव्या हाताची पकड गेलेली. गुडघ्याचे २५, हाताचे २०. त्यानं बोटांवर ४५ मोजले, आम्ही ३९ लिहिले. म्हणाला, "साहेब, सहा टक्के कुणी खाल्ले?" (मोठा हशा) हसू नका, आमच्या साहाय्यकानं स्वतःचा खिसा चाचपला होता!

खाल्ले नव्हते कुणी. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत सूत्र आहे. मोठा आकडा पूर्ण धरायचा. नव्वदातून तो वजा केला की ६५ उरतात. २० गुणिले ६५ भागिले ९०, म्हणजे १४.४; ते पंचवीसात मिळवा, झाले सुमारे ३९. गणित बिनचूक.

आता काठीकडे या. उजवा गुडघा अधू असेल तर काठी डाव्या हातात धरायची असते. हो, विरुद्ध हातात! परवा गंजगोलाईत पाहिलं, तीन आजोबा, तिघांचीही काठी दुखऱ्याच बाजूला. एकाला थांबवून सांगितलं, तर म्हणाले, "डाव्या हातात पिशवी हाय की." त्यावर माझ्याकडे औषध नाही. (हशा) असो. आमच्या मजुराचा डावा हातच निकामी, काठी धरणार कशात? कागदावर दोन व्यंगं एकत्र आली की बेरीज घटते, रानात ती एकमेकांना वाढवतात. सूत्रानं मात्र तो चाळीस टक्क्यांच्या अलीकडे राहिला.

मागून चिठ्ठी आलीय, "बोगस दाखल्यांचं काय?" येणारच होती. अहो, सगळे डॉक्टर सही विकत नाहीत! आणि बोगस माणसाला आकडाच सोयीचा. 'काठी धरता येत नाही' असं लिहा, गावातलं शेंबडं पोरगंही पडताळून सांगेल.

सर्वोच्च न्यायालयही याच वाटेनं गेलं. १५ ऑक्टोबर २०२४चा निकाल. बोलण्याच्या दिव्यांगत्वाचा टक्का चाळीसच्या वर, म्हणून एका मुलाला एमबीबीएस नाकारलेलं. एमबीबीएस म्हटल्यावर बघा कसे कान टवकारले! दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या मंडळाला विचारलं, हा शिकू शकेल का? मंडळ म्हणालं, शिकू शकेल. न्यायालयानं ठरवलं, नुसत्या आकड्यावरून बाद करू नका, क्षमता तपासा.

दोनच मिनिटं? मग १९९३च्या भूकंपातले मणक्याच्या जखमींबद्दल बोलायचं राहिलं. एवढं लिहून घ्या : दाखला मान्य नसेल तर कलम ५९खाली अपील करता येतं. अर्जात दुखणं सांगून थांबू नका, अडणारं काम लिहा. सूत्र कुणाला पुन्हा हवं असेल तर मी चहाला थांबणार आहे. पेन आपापलं आणा.