सर्क्लिपची पक्कड

मोटारीच्या गिअरबॉक्समध्यें किंवा पाण्याच्या पंपांत बेअरिंगला जागचें हलूं न देणारें एक तुटकें पोलादी कडें असतें. कारागीर त्याला सर्क्लिप म्हणतात. स्क्रूड्रायव्हरनें उचकटूं गेल्यास तें वांकतें, नाहीं तर उसळून डोळ्यावर येतें. म्हणून त्याची पक्कड निराळी.

ती घेतांना प्रथम पाहावें, कडें बसलें आहे कोठें? शाफ्टवरील कडें फांकवून काढावयाचें. तेथें मूठ दाबतांच टोंकें उघडणारी पक्कड हवी. भोंकाच्या आंतील कडें आवळून काढावयाचें; तेथें टोंकें मिटणारी. दोन्ही कामें करणारी पक्कड सोईची खरी. पण तिचीं सुटीं टोंकें जोर पडतांच डगमगतात.

नंतर पाहावी टोंकांची जाडी. कड्याच्या छिद्रांत तीं सैल बसतां कामा नयेत. १० ते २५ मिलिमीटर शाफ्टला बहुधा १.३ मिलिमीटरचीं टोंकें चालतात. त्याहून मोठ्यास, साठापर्यंत, १.८ चीं. अडचणीच्या जागीं काटकोनांत वळविलेलीं टोंकें उपयोगी पडतात.

काम करतांना डोळ्यांवर चष्मा असावा. वांकलेलें कडें पुन्हां बसवूं नये. त्याची किंमत ती किती! पण खोबणींतून तें निसटलें, तर चालत्या गाडीचें बेअरिंगच जागा सोडतें.